तिकिटाची मंडई

डोमाजी रामटेके आमच्या पार्कच्या गेटवर लोकांच्या पिशव्या तपासायचे. कंपनीच्या कागदावर त्यांचं पद 'गेस्ट एंट्री असिस्टंट' असं होतं. ते त्यांना कधी उच्चारता आलं नाही, आणि मीही कधी उच्चारायला लावलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "मी पार्कात लोकाईचे डबे धरून ठेवतो जी." आमच्या एचआरला त्यांच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन जन्मात जमलं नसतं.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझी चूक लिहावी लागते, म्हणून इतके दिवस टाळत आलो. आता ती नोकरीही राहिली नाही आणि टाळाटाळीचाही कंटाळा आला आहे.

पार्क भंडाऱ्याजवळ, कारधा गावाच्या खालच्या अंगाला होतं. गोसीखुर्द धरणाचं पाणी वैनगंगेत मागे फुगत फुगत जिथवर आलं, तिथल्या उंचवट्यावर कंपनीला जमीन स्वस्तात मिळाली. घसरगुंड्या, लाटांचा हौद, आकाशपाळणा, आणि मधोमध फायबरचा एक किल्ला, ज्याच्या मनोऱ्यांवर पांढरा बर्फ रंगवला होता. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा सेहेचाळीसला टेकलेला असताना लोक त्या बर्फाकडे बघून हसायचे, फोटो मात्र काढायचे. मी नागपूरचा. मॅनेजर म्हणून माझं काम म्हणजे हे सगळं चालू ठेवणं, आणि इथले लोक असे का वागतात ते दर महिन्याला मुंबईच्या ऑफिसला कळवणं.

कारण ते कंपनीच्या अंदाजाप्रमाणे वागतच नव्हते. कंपनीची आणखी चार पार्कं होती आणि प्रत्येक ठिकाणी तिनं गाव पाहून धंदा वळवून घेतला होता. एका शहरात स्वयंपाकघरात कांदा-लसूण शिरत नसे. दुसरीकडे दुपारचे दोन तास लाटांचा हौद फक्त बायकांसाठी राखलेला. तिसरीकडे दर अमावास्येला भटजी येऊन सगळ्यात उंच झुल्याची पूजा करून जात, आणि त्यांची दक्षिणा देखभालीच्या खर्चात पडे. ही सगळी खटपट डिंपल मॅडमकडे असायची. त्या मुंबईत बसत. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, "लोगों को मत बदलो, पार्क बदलो." वाक्य चांगलं आहे. मीही ते मीटिंगांमधून पुष्कळ वापरलं.

भंडाऱ्यात काय बदलायचं, हे पहिल्या वर्षी कोणालाच उमगेना. बायका पूर्ण तिकीट काढून आत येत आणि हौदाच्या काठावर पाय सोडून नुसत्या बसून राहत, कारण पाण्यात उतरायला नायलॉनचा पोशाख सक्तीचा होता आणि तो घालून सासऱ्यासमोर कोण जाणार? बाहेरचं अन्न आत आणायला बंदी होती. मग घरून आणलेलं आधी गेटसमोरच्या झाडांखाली बसून संपवायचं, एक वाजता आत शिरायचं आणि चारला परत, असा लोकांचा हिशेब. आमच्या पिझ्झाच्या काउंटरवर माशाही बसेनात. धानाच्या रोवणीच्या महिन्यात पार्क ओस पडायचं, ते समजण्यासारखं होतं. पण दिवाळीच्या सुटीत आम्ही दिव्यांच्या माळा लावल्या, नागपूरहून नाचाचा ग्रुप आणला, आणि भाऊबीजेनंतरचे पंधरा दिवस चिटपाखरू फिरकलं नाही.

त्याचं कारण मला डोमाजींनी सांगितलं. "साहेब, आता मंडया सुरू झाल्या ना. आता इकडे कोन येते?"

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आमच्या पूर्व विदर्भात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरे, जुने शेजारी, सगळे त्या गावाला जातात. उकडलेले शिंगाडे, ऊस, खेळणी, दंडारीचा नाच, आणि घरोघर पाहुणे जेवायला. मुलगी दाखवायचा कार्यक्रमही तिथेच उरकतो. आज याच्या गावाला, उद्या त्याच्या. पंधरा दिवस माणसं नुसती एकमेकांकडे जात असतात, त्यांना आमच्या झुल्यात बसायला वेळ कुठला?

"आणि तुमच्या गावची कधी असते?" मी सहज विचारलं.

"आमचं गाव पान्यात हाय जी," असं म्हणून त्यांनी पुढच्या पिशवीची चेन उघडली.

गावाचं नाव खैरडोह. धरणाचं पाणी चढलं तेव्हा अडीच-तीनशे घरं उठली आणि तीन ठिकाणी बसली. काही हायवेलगत, काही माळावर, काही नाल्यापलीकडे. तिन्ही वस्त्यांच्या पाट्यांवर सरकारनं एकच नाव लिहिलं आणि पुढे एक, दोन, तीन असे आकडे घातले. त्यानंतर खैरडोहची मंडई झाली नाही. करायची कोणी? रोडवाल्यांनी केली तर माळवाल्यांनी तिथे पाहुणे म्हणून जायचं की घरचे म्हणून? चौदा वर्षं हा प्रश्न तसाच पडून होता. डोमाजी स्वतः रोडवरच्या वस्तीत, भाचा माळावर, थोरली बहीण नाल्यापलीकडे. "मयतीले भेटतो," ते म्हणायचे, "पन मयतीत कोनी नीट बोलत नाई."

मला अचंबा वाटायचा तो त्यांच्या स्मरणशक्तीचा. गेटवर ते लोकांचे डबे काढून ठेवत, पण टोकन कधी देत नसत. परतीच्या वेळी तीन-चारशे माणसं बाहेर पडत आणि हे ज्याचा डबा त्याच्या हातात ठेवत. "तुमी बपेऱ्याचे ना जी? तुमची हिरवी थैली." माणूस पाहिला की त्याचं गाव आणि गाव कळलं की त्याचे सोयरे त्यांच्या डोक्यात आपोआप लागत जायचे. हे वडिलांकडून आलेलं. वडील खैरडोहचे कोतवाल होते. सरकारी निरोप असो, ग्रामसभा असो की मंडई, गळ्यात डफडं अडकवून ते गावभर दवंडी देत फिरायचे. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, पण डफडं कोतवालकीबरोबर गळ्यात राहून गेलं. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. दहावीत असताना डोमाजींनी एका दुपारी ते डफडं नेऊन नदीच्या डोहात टाकलं. वडील दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. मग ग्रामपंचायतीनं भोंगा आणला आणि विषय मिटला.

डब्यांचा नियम मी बदलून घेतला, तोही त्यांच्याच सांगण्यावरून. "साहेब, मानूस अंदर अना त्याचा डबा बाहेर, मंग त्याचं मन कुठं राहीन?" मी गेटच्या आत पत्र्याची मोठी शेड टाकली, नळ बसवले आणि घरचं जेवण तिथे बसून खायची परवानगी मुंबईहून मिळवली. बायकांसाठी लांब बाह्यांचे पायघोळ गाऊन शिवून घेतले. लोक सकाळी यायला लागले आणि दिवस मावळेपर्यंत थांबायला लागले. बायका पाण्यात उतरल्या, आणि एकदा उतरल्यावर बाहेर निघेनात. त्या उन्हाळ्यात धंदा दीडपट झाला. मुंबईला माझं कौतुक झालं. डोमाजींना कंपनीची एक टोपी मिळाली.

त्या यशानं माझं डोकं थोडं फिरलं, हे कबूल करतो. पुढच्या दिवाळीआधी मी मुंबईला लिहिलं की लोक मंडईला जातात म्हणून आपल्याकडे येत नाहीत, तर आपण मंडईच पार्कात भरवू. डिंपल मॅडम चार दिवसांत हजर झाल्या. शिंगाड्याचे ठेले, उसाच्या मोळ्या, दंडारवाले, सगळं त्यांनी नकाशावर मांडून टाकलं. एकच गोष्ट त्यांना अडत होती. मंडई गावाची असते, आणि पार्कला गाव नव्हतं.

"एक गाव आहे," मी म्हणालो. "त्याला मंडई नाही."

हे मी त्या दिवशी फार हुशारीचं बोललो असं मला वाटत होतं.

डोमाजींना केबिनमध्ये बोलावून मी बेत सांगितला. ते टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, "तिनी वस्तीचे येतीन?"

"सगळे येतील. तुमच्याच गावची मंडई समजा."

हे माझे शब्द. नंतर मी ते पुष्कळदा आठवून पाहिले, वेगळं काही म्हणालो असेन का म्हणून. पण हेच म्हणालो होतो.

"मंग शुक्रवार पाहिजे," ते म्हणाले. "खैरडोहची मंडई भाऊबीजेनंतरच्या पयल्या शुक्रवारची." मॅडमना आनंदच झाला, कारण शुक्रवार हा आमचा सगळ्यात पडेल दिवस होता.

मग दवंडीचा विषय निघाला. मॅडमची कल्पना अशी की डोमाजींनी धोतर-फेटा बांधावा, गळ्यात डफडं घालावं आणि जीपमधून तिन्ही वस्त्यांत दवंडी देत फिरावं, मागून कॅमेरा. कोतवालाचा मुलगा आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं. डोमाजींचा चेहरा पडला. "डफडं धरत नाई मी," ते म्हणाले. "दुसरं कोनतंबी काम सांगा. म्हनान त घरोघर जाऊन तोंडानं सांगतो."

"वो तो और अच्छा है," मॅडम म्हणाल्या. "पर्सनल टच."

मी त्यांना छापील पत्रकांचा गठ्ठा दिला. पुढे बर्फाच्या किल्ल्याचं चित्र, मागे तिकिटाचा सवलतीचा दर.

अकरा दिवस डोमाजी ड्युटी संपली की जुन्या लुनावर बसून तिन्ही वस्त्या फिरले. एकही घर सोडलं नाही. त्यांचा मुलगा अश्वजित भंडाऱ्याला एका शाळेत क्लार्क आहे, तो एकदा मुद्दाम मला भेटून गेला. "सर, बाबा जेवायला पण घरी येऊन नाही राहिले. ज्याच्या घरी जातात तिथंच बसतात. इतकं बोलताना मी त्यांना गाव उठल्यापासून पाहिलं नाही. काही गडबड नको व्हायला." मी म्हणालो, कसली गडबड? आणि त्याला पार्कचे दोन पास दिले.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागले. ट्रॉल्यांमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, बायका नव्या साड्यांत, पोरं तेल लावून भांग पाडलेली. तिन्ही वस्त्यांची मिळून सहाशेच्या वर माणसं आली. गेटसमोर उतरल्या उतरल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. म्हातारे एकमेकांचे हात धरून, कोण राहिलं कोण गेलं, त्याची विचारपूस करत उभे राहिले. डोमाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेटबाहेर उभे होते आणि आल्यागेल्याला नावानं हाक मारत होते. त्यांच्याकडे बघून मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून टाकतो.

सगळ्यात पुढे माळावरच्या जनाबाई होत्या. सत्तरीच्या. नातीला, खुशबूला, घेऊन आल्या होत्या. रोडवरच्या वस्तीतला एक मुलगा आज तिला पाहणार होता. काउंटरवरच्या बाईनं त्यांच्या मनगटाला पट्टी बांधायला हात पुढे केला आणि पैसे मागितले. जनाबाईंनी हात मागे घेतला.

"डोमा, हे कायचे पैसे गा?"

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवर सांगायचं विसरलो आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

"साहेब, हे आपल्या मंडईचे पाव्हने होत."

मी त्यांना बाजूला घेतलं. पत्रकं वाटली नाहीत का, विचारलं.

"घरी हायेत," ते म्हणाले. "दारात जाऊन आवतन देल्लं साहेब. आवतन देऊन वरतून भाव सांगतेत का? तुमी म्हनले तुमच्याच गावची समजा. मी तसंच समजलो. तिकीट बाहेरच्याईले असन म्हनलं."

मी आत पळालो. डिंपल मॅडम रंगमंचाजवळ कॅमेरावाल्यांना काही सांगत होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पण झुल्यांचा विमा तिकिटावर, ठेकेदारांचे करार तिकिटावर; सहाशे माणसं फुकट आत सोडायचा अधिकार त्यांनाही नव्हता. त्यांनी मुंबईला फोन लावला आणि पाच मिनिटांत तोडगा काढला, अर्धं तिकीट. मला तो तेव्हा बरा वाटला. मी स्वतः माईक घेऊन गेटवर जाहीर केलं, "खैरडोहच्या सर्व पाहुण्यांना अर्ध्या दरात प्रवेश!"

याहून वाईट मी काही करू शकलो नसतो. 

नाल्यापलीकडच्या वस्तीतले ईश्वर भोयर काठी टेकत पुढे आले. जुन्या गावात तीस एकरांचे धनी, आता दोन खोल्यांच्या घरात. ऐंशी वर्षांचे. "आमी भाव कराले आलो का इथं?" इतकंच ते मला म्हणाले आणि डोमाजींकडे वळले. आवाज चढवला नाही.

"डोमा, तुझा बाप डफडं वाजवत जाये त आमी समजून जावो, हे पंचायतीचं हाय. वाटलं त जा, नाई त नोको. तू आला माह्या घरात. बसला. च्या पेला. आवतन देल्लं. मी म्हनलं हे डोमाच्या घरचं काम हाय, जानंच पाहिजे. म्हून आलो ना मी ह्या पायानं."

जुन्या गावात डोमाजींचे वडील कधी ईश्वरजींच्या घरात बसले नव्हते. दवंडी अंगणाबाहेरून व्हायची. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. डोमाजी खाली मान घालून उभे राहिले. डफडं गळ्यात घातलं असतं तर एकही माणूस फसला नसता, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं असणार. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. रोडवरच्या वस्तीतल्या चाळीस-पन्नास जणांनी अर्धी तिकिटं काढली. त्यांची पोरं झुल्याकडे बोटं दाखवून रडत होती, इतकं नटूनथटून आणलेल्या पोरांना परत कसं न्यायचं? त्यांचाही काही दोष नव्हता. पण माळावरचे लोक बघत होते.

"पाहा, रोडवाले चालले. याईले गाव नाई पाहिजे, झुला पाहिजे."

रोडवाल्यांपैकी कोणीतरी मागे वळून म्हणालं की खिशात नसलं की गाव आठवते. मग काय विचारता. कोणाला मोबदला जास्त मिळाला, कोणी दोन प्लॉट दाबले, कोणाच्या सहीमुळे कोणाचं घर मोजणीतून सुटलं, चौदा वर्षांचं सगळं त्या डांबरी रस्त्यावर निघालं. तासाभरापूर्वी गळ्यात पडून रडलेल्या बायका आता एकमेकींच्या नावानं बोटं मोडत होत्या. खुशबूला पाहायला आलेला मुलगा केव्हाच पट्टी बांधून आत गेला होता. जनाबाईंनी नातीचा हात धरला आणि मुकाट्यानं ट्रॉलीत जाऊन बसल्या.

डोमाजी मग प्रत्येक ट्रॉलीपाशी गेले. माणसाचं नाव घ्यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "माही चुकी झाली. माहं आवतन खोटं निंघालं." पुढचा माणूस, पुन्हा नाव, पुन्हा हात जोडून तेच. कोणी म्हणालं जाऊ दे डोमा. कोणी तोंड फिरवलं. मी त्यांच्यामागे गेलो, म्हणालो की डोमाजी, तुम्ही थांबा, मी सांगतो, चूक कंपनीची आहे.

"आवतन तुमी कुठं देल्लं साहेब?" ते म्हणाले आणि पुढच्या ट्रॉलीकडे गेले.

बाराच्या आत रस्ता मोकळा झाला. ट्रॅक्टर तीन दिशांना गेले. आत दंडारवाले रिकाम्या खुर्च्यांसमोर नाचत होते, कारण कॅमेरा चालू होता.

मी रिपोर्ट लिहिला. 'स्थानिक समाजात तोंडी निमंत्रण म्हणजे यजमानाची जबाबदारी समजली जाते, त्यामुळे यापुढे घोषणा आणि निमंत्रण यांत फरक ठेवावा.' असली वाक्यं. मुंबईला तो आवडला. डिंपल मॅडमनी तो दुसऱ्या पार्कांना वाचायला पाठवला. मला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच मी त्यावर सही केली होती.

डोमाजी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आले. मी माफी मागितली. "तुमची काय चुकी साहेब," ते म्हणाले, "तुमच्या इथं असंच असते." शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढची दिवाळी आली. पार्कनं मंडईचा नाद सोडून दिला होता. कॉलेजच्या मुलांसाठी काहीतरी नाचगाण्याचं ठरलं होतं. पण गेटवरच्या त्या दिवसानंतर तिन्ही वस्त्यांत बैठका झाल्या होत्या. मंडई करायची कोणी, हा प्रश्न आता कोणालाच पडत नव्हता. रोडवाले म्हणाले, आम्हीच खैरडोह. माळवाले म्हणाले, आम्ही. नाल्यापलीकडचे म्हणाले, देवाची मूर्ती आमच्याकडे आहे, तेव्हा गाव आमचंच. तिघांनीही मंडई जाहीर केली, आणि तिघांनीही दिवस धरला तो भाऊबीजेनंतरचा पहिला शुक्रवार. पुढे-मागे करायला कोणी तयार नव्हतं. दिवस सोडला तर गावावरचा हक्क सोडला, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यामुळे एका वस्तीच्या माणसानं दुसरीच्या मंडईला जायचं, ही गोष्टच उरली नाही.

डोमाजींना तिन्हीकडचं बोलावणं होतं. रोडवरची तर घरचीच मंडई. माळावरून भाचा येऊन गेला. नाल्यापलीकडून बहिणीचा निरोप घेऊन खुद्द ईश्वरजी आले, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. डोमाजींच्या घरात आले, खाटेवर बसले, चहा घेतला. हे मला अश्वजितनं सांगितलं. 

गुरुवारी डोमाजी माझ्या केबिनमध्ये आले. त्यांना रजा लागणार हे धरून मी अर्जावर आधीच सही करून ठेवली होती. तो कागद मी पुढे केला. त्यांनी वाचला आणि टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला.

"सुट्टी नोको साहेब. उद्या माही ड्युटी लावा."

"अहो, मंडई आहे ना?"

"तीन हायेत."

"मग एखादीला तरी जा. बहिणीकडे जा."

ते खुर्ची ओढून बसले. माझ्यासमोर ते याआधी कधी बसले नव्हते. "बहिनीकडे गेलो त भाचा म्हनन, मामा आमचा नाई. भाच्याकडे गेलो त बहीन दार लावन. घरी राहिलो त दोघंबी म्हनतीन, रोडवाला झाला. ड्युटी हाय म्हनलं का कोनी काई बोलत नाई."

मी ड्युटी लावली.

शुक्रवारी पार्कात एकोणीस माणसं आली, सगळी बाहेरगावची. डोमाजी सकाळी नऊपासून गेटवर होते. दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.  ते थकलेले दिसत होते, काम काहीच नसताना. धान कापून झालेल्या बांध्यांवरून आणि पाण्यावरून भोंग्यांचा आवाज येत होता, मला नुसता गोंगाट ऐकू येत होता. कुठल्या वस्तीचा आवाज आहे, मी विचारलं.

त्यांनी मान कलती करून थोडा वेळ ऐकलं.

"तिनीचा येऊन राहिला," ते म्हणाले. "तिनीकडून खैरडोहचंच नाव घेऊन राहिले साहेब. अना खैरडोहचा मानूस खैरडोहच्या मानसाले भेटून नाई राहिला."